नाशिकच्या स्टेप डाउन युनिटमध्ये तीन महिने : तात्पुरत्या नेमणुकीवर येणाऱ्या परिचारिकेसाठी

नाशिकच्या रुग्णालयांत तीन, सहा किंवा अकरा महिन्यांच्या कराराने परिचारिका घेण्याची पद्धत आता नवी राहिलेली नाही. कुणी प्रसूती रजेवर जाते, कुणाची सरकारी भरतीत निवड होते, पावसाळ्यात डेंग्यूचे रुग्ण वाढतात, आणि २०२६-२७ चा सिंहस्थ म्हटला की मनुष्यबळाची ओढाताण ठरलेलीच. अशा वेळी आयसीयूचा अनुभव असलेली सिस्टर बाहेरगावाहून बोलावली जाते. मी अशा चार नेमणुकांवर काम केले आहे. त्यांपैकी दोन नाशिकमध्ये होत्या आणि दोन्ही स्टेप डाउन युनिटमध्ये. पुढे जे लिहिते आहे ते त्या अनुभवावरून, आणि ज्या चुका करता करता राहिल्या त्यांवरूनही.

स्टेप डाउन म्हणजे आयसीयू आणि जनरल वॉर्ड यांच्यामधली पायरी. काही रुग्णालयांत याच कक्षाला एचडीयू (हाय डिपेंडन्सी युनिट) म्हणतात. येथील रुग्ण व्हेंटिलेटरवरून उतरलेला असतो, पण बायपॅप, म्हणजे मास्कमधून श्वासाला आधार देणारे यंत्र, अजून उशाशी असतो. अँजिओप्लास्टी झालेली असते, पण मॉनिटर निघालेला नसतो. एका सिस्टरकडे साधारणपणे तीन रुग्ण असावेत अशी अपेक्षा असते, प्रत्यक्षात चौथा येतोच. पायरीवर उभा असलेला माणूस वर तरी जातो किंवा खाली तरी. फरक इतकाच की येथे खाली जाणे चांगले आणि वर जाणे वाईट. तो कोणत्या दिशेने चालला आहे हे इतरांच्या आधी ओळखणे, हेच येथील परिचारिकेचे खरे काम आहे. युनिटमधील कायम सिस्टरला ही दिशा अर्धी सवयीनेच कळते, कारण काल रात्री हा रुग्ण कसा दिसत होता हे तिने पाहिलेले असते. तुम्ही काल तेथे नव्हता. तात्पुरत्या नेमणुकीतील सारी अडचण या एका गोष्टीत आहे आणि बाकीची तयारी तिच्याभोवतीच करावी लागते.

निघण्यापूर्वी

महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी चालू आहे का हे सर्वप्रथम पाहावे. नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि रुजू होण्याच्या आठवड्यात मुदत संपलेली लक्षात आली तर मेट्रन मॅडम (परिचारिकांच्या प्रमुख) कितीही चांगल्या असल्या तरी ड्युटी लावू शकत नाहीत. केरळ, कर्नाटक किंवा अन्य राज्यातून येत असाल, तर तेथील परिषदेचे ना हरकत प्रमाणपत्र आणि येथील नोंदणी यांसाठी पुरेसा वेळ हाताशी ठेवून अर्ज करावा. हिपॅटायटिस बीच्या तिन्ही मात्रा पूर्ण झालेल्या असाव्यात आणि शक्य असेल तर अँटिबॉडीची पातळी तपासून तो कागद सोबत ठेवावा. ती १० पेक्षा कमी असेल तर लस घेतली एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही.

मूळ प्रमाणपत्रे दाखवावीत, स्वसाक्षांकित प्रती द्याव्यात, आणि मूळ कागद त्याच दिवशी पिशवीत परत घालावेत. 'करार संपेपर्यंत आमच्याकडे सुरक्षित राहतील' असे कुणी कितीही गोड शब्दांत सांगितले तरी ते मान्य करू नये. माझी एक मैत्रीण याच वाक्यापायी सरकारी भरतीच्या कागदपत्र पडताळणीला रिकाम्या हाताने गेली होती.

करारात तीन गोष्टी शब्दांत लिहून घ्याव्यात. पहिली, तुमचे युनिट कोणते आणि गरज पडल्यास कोठे पाठवता येईल. हे लिहिलेले नसेल तर तिसऱ्याच दिवशी व्हेंटिलेटरवरील रुग्णासमोर किंवा डायलिसिस कक्षात उभे राहण्याची वेळ येते. दुसरी, महिन्यात नाईट किती आणि नाईटनंतरचा ऑफ धरून की सोडून. तिसरी, तुम्ही रुग्णालयाच्या पगारी कर्मचारी आहात, एजन्सीच्या आहात, की 'व्यावसायिक सेवा' देणाऱ्या. शेवटच्या प्रकारात मानधनातून सहसा दहा टक्के टीडीएस कापला जातो आणि भविष्य निर्वाह निधी किंवा ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा) मिळत नाही. कापलेली रक्कम विवरणपत्र भरून, पात्र असल्यास, परत मागता येते, पण ती हातात येईपर्यंत घरभाडे थांबत नाही. पैशांची बोलणी करताना एक आकडा ठाऊक असावा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ मधील निर्देशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने खासगी रुग्णालयांतील परिचारिकांना किमान २०,००० रुपये मासिक वेतन आणि २०० हून अधिक खाटांच्या रुग्णालयांत राज्य सरकारी परिचारिकांइतके वेतन सुचवले होते. ती शिफारस आहे, सक्ती नाही. तरीही समोरच्याला ती आठवून दिल्याने आवाजाचा सूर बदलतो, असा माझा अनुभव आहे.

पहिल्या ड्युटीचा पहिला अर्धा तास

पहिल्या दिवशी शिफ्टच्या अर्धा तास आधी पोहोचावे, आणि रुग्णांकडे न जाता आधी जागा पाहावी. आजार सगळीकडे सारखेच असतात, कपाटे सारखी नसतात. एका छोट्या वहीच्या पहिल्या पानावर मी प्रत्येक वेळी या गोष्टी उतरवून घेते : क्रॅश कार्ट (आणीबाणीच्या औषधांची ढकलगाडी) कोठे आहे आणि तिच्या चाव्या कुणाकडे असतात, डिफिब्रिलेटर (हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र) चार्जिंगला लावलेला आहे का, सक्शन चालू करून पाहिले का, कोड ब्लूसाठी (हृदय किंवा श्वास थांबल्याच्या हाकेसाठी) कोणता क्रमांक फिरवायचा, रात्री आरएमओ (निवासी वैद्यकीय अधिकारी) कोठे झोपतात, कन्सल्टंटना थेट फोन करण्याची मुभा आहे की आरएमओंमार्फतच जावे लागते, रक्तपेढी इमारतीतच आहे की नातेवाइकांना बाहेर धाडावे लागते, आणि सुई टोचल्यास प्रतिबंधक औषधाची पहिली मात्रा कोठे मिळेल. ही शेवटची ओळ बहुतेक जणी लिहीत नाहीत. एचआयव्ही प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांच्या आत आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत सुरू करावे लागते व २८ दिवस घ्यावे लागते. सुई टोचल्यानंतर ते कोठे मिळते याची चौकशी सुरू करणे म्हणजे त्या दोन तासांतील एक तास घालवणे होय.

प्राणवायूचा व्हॉल्व्ह कोठे आहे आणि राखीव सिलिंडर कोठे उभे आहेत, हे नाशिकमध्ये कुणाला समजावून सांगण्याची गरज पडू नये. २१ एप्रिल २०२१ रोजी शहरातील महापालिकेच्या रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागून दाब घसरला आणि वीसहून अधिक कोविड रुग्णांचा जीव गेला. पाइपलाइनचा अलार्म कोठे वाजतो, तो वाजल्यावर कुणाला फोन करायचा, आणि सिलिंडर जोडण्याची चावी खुंटीवर आहे की कुणाच्या तरी खिशात, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. सीटीस्कॅनला रुग्ण नेताना हिशोबही करता यायला हवा : लहान बी प्रकारच्या पूर्ण भरलेल्या सिलिंडरमध्ये सुमारे १,५०० लिटर प्राणवायू असतो, म्हणजे मिनिटाला १० लिटरने तो अडीच तास पुरेल. पण अर्धा रिकामा सिलिंडर, बंद पडलेली लिफ्ट आणि स्कॅनसमोरची रांग एकत्र आली की अडीच तासांचे चाळीस मिनिटे व्हायला वेळ लागत नाही.

त्यानंतर औषधांची तीव्रता. सर्वाधिक धोका येथेच आहे. एका रुग्णालयात रक्तदाब वाढवणारे नॉरअ‍ॅड्रिनलिन ५० मिलिलीटरमध्ये ४ मिलिग्रॅम घालतात, दुसरीकडे ८. तुमच्या हाताला पहिली सवय असेल आणि पंपावर 'तासाला ५' हा आकडा पाहून तुम्ही रुग्णाची स्थिती ताडली, तर तुम्ही प्रत्यक्ष मात्रेच्या निम्म्यावरच विचार करत असता. रक्त गोठू न देणाऱ्या हेपरिनच्या पाच मिलिलीटरच्या बाटल्या ५,००० युनिटच्याही येतात आणि २५,००० च्याही. पोटॅशियम क्लोराइडच्या दहा मिलिलीटरच्या अँप्युलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट असते, ते कधीही थेट शिरेत सोडायचे नसते, आणि साध्या शिरेतून तासाला १० पेक्षा अधिक देऊ नये हा नियम पाठ असला तरी त्या युनिटचा लेखी प्रोटोकॉल वाचूनच पंप लावावा.

इन्शुलिनबद्दल थोडे सविस्तर सांगते, कारण ही चूक माझ्या हातून होता होता राहिली. आपल्याकडे ४० युनिटच्या बाटल्या सर्वत्र चालतात आणि त्यांच्यासाठी लाल टोपणाची सिरिंज असते. १०० युनिटच्या इन्शुलिनसाठी नारिंगी टोपणाची. माझ्या दुसऱ्या नेमणुकीत ट्रेमध्ये दोन्ही सिरिंजा एकत्र ठेवलेल्या होत्या. फ्रीजमधील बाटली १०० ची होती, हाताला लाल टोपण लागले, आणि २० च्या खुणेपर्यंत औषध ओढूनही झाले. त्या अर्ध्या मिलिलीटरमध्ये २० नव्हे तर ५० युनिट होते. दुसऱ्या सिस्टरला दाखवून मगच टोचायचे हा माझा नेम असल्याने ते तिच्या लक्षात आले. त्या दिवसापासून नव्या जागी गेल्यावर मी आधी बाटलीवरील आकडा आणि नंतर टोपणाचा रंग मोठ्याने म्हणते. शेजारची सिस्टर हसते, हसू द्यावे.

ओव्हर घेताना

हँडओव्हर, म्हणजे आपल्या रोजच्या भाषेत ओव्हर, टेबलाशी बसून कधीही घेऊ नये. फाइल हातात घेऊन दोघींनी खाटेजवळ उभे राहावे, पंपावरील आकडे आणि ऑर्डर जुळवाव्यात, ड्रेन आणि युरोबॅग पाहावी, चादर उचलून सलाइनची जागा व पाठ पाहावी. मग जाणाऱ्या सिस्टरला एक प्रश्न विचारावा, जो फाइलमध्ये लिहिलेला नसतो : 'ताई, तुमच्या शिफ्टच्या सुरुवातीपेक्षा हा आता बरा वाटतो की वाईट?' या प्रश्नाने तिच्या डोळ्यांनी पाहिलेला कालचा दिवस तुमच्या हातात येतो. 'तसा बराच आहे, पण दुपारपासून जरा गप्प आहे' असे उत्तर आले तर त्या 'पण'वर अख्खी शिफ्ट लक्ष ठेवावे.

आपली स्वतःची पहिली नोंद ओव्हरनंतर लगेच घ्यावी आणि ती कुणाच्या तरी आधीच्या आकड्यावरून उतरवू नये. श्वासांची गती पूर्ण एक मिनिट मोजावी. टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्टवर ओळीने २०, २०, २० असे आकडे दिसले की ते मोजलेले नाहीत हे कोणतीही अनुभवी सिस्टर सांगेल. माझ्या मते बिघाड सर्वांत आधी श्वासात दिसतो, नंतर नाडीत आणि सर्वांत शेवटी रक्तदाबात. न्यूज (नॅशनल अर्ली वॉर्निंग) स्कोअर वापरत असलेले युनिट असेल तर उत्तमच : श्वास, सॅच्युरेशन (रक्तातील प्राणवायूचे प्रमाण), प्राणवायू लागतो की नाही, वरचा रक्तदाब, नाडी, शुद्ध आणि ताप या सात गोष्टींचे गुण मिळून ५ झाले तर डॉक्टरांना तातडीने बोलवायचे, ७ किंवा त्याहून अधिक झाले तर ती आणीबाणी समजायची. वापरत नसतील तर स्वतःच्या वहीत मांडावा. आरएमओ तुम्हाला ओळखत नाहीत, त्यामुळे 'सर, पेशंट बरोबर वाटत नाही' या तुमच्या वाक्याला अजून वजन आलेले नसते, आकड्याला असते. फोनवर असे बोलावे (सीओपीडी म्हणजे फुप्फुसाचा जुनाट आजार, एबीजी म्हणजे धमनीतील रक्तातल्या वायूंची तपासणी) : 'सर, एचडीयू बेड चारवरून बोलते. बायपॅपवरून काल उतरलेले सीओपीडीचे आजोबा. दहा वाजता श्वास २२ होता, आता ३० आहे, दोन लिटरवर सॅच्युरेशन ८६, आणि हाक मारल्यावर उशिरा डोळे उघडतात. एबीजी घेऊन ठेवू का? तुम्ही पाच मिनिटांत येऊन पाहावे असे मला वाटते.' शेवटचे वाक्य गाळू नये. आणि अशा रुग्णाचे लक्ष्य ८८ ते ९२ असते हे विसरून सॅच्युरेशन शंभर करण्याच्या नादात प्राणवायू भसाभसा वाढवू नये.

नाशिकच्या खाटांवर कोण असते

मुंबई-आग्रा महामार्गावरील अपघातांचे आणि हृदयविकाराचे रुग्ण कोणत्याही शहरासारखेच. पण निफाड, दिंडोरी, चांदवडच्या द्राक्षपट्ट्यातून येणारे कीटकनाशकाच्या विषबाधेचे रुग्ण, आणि पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या डोंगराळ भागातून येणारे सर्पदंशाचे रुग्ण हे येथील वेगळेपण आहे. मोठ्या शहरातील हृदयरोग युनिटमध्येच काम केलेल्या सिस्टरने येण्यापूर्वी या दोन विषयांची उजळणी जरूर करावी.

ऑर्गेनोफॉस्फेट प्रकारच्या कीटकनाशकाने विषबाधा झालेला रुग्ण ॲट्रोपिन या उताऱ्याच्या जोरावर सावरतो, छाती स्वच्छ होते, बाहुल्या मोठ्या होतात, तो पाणी मागतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आयसीयूतून स्टेप डाउनला येतो. त्याच सुमारास, म्हणजे विष पोटात गेल्यापासून साधारण एक ते चार दिवसांत, काही रुग्णांचे स्नायू दुबळे होऊ लागतात. माझ्याकडे असा एक पंचविशीतला शेतकरी होता. नाडी ठीक, रक्तदाब ठीक, सॅच्युरेशन ९७. रात्री दोनच्या सुमारास पाण्याचा पेला द्यायला गेले तेव्हा त्याने डोके उचलण्याऐवजी हाताने स्वतःचे केस धरून मान वर ओढली. मी पेला बाजूला ठेवला आणि त्याला एका श्वासात एक-दोन-तीन मोजायला सांगितले. संध्याकाळी तो बावीसपर्यंत गेला होता, असे ओव्हरमध्ये लिहिलेले होते. आता अकराला अडखळला. मॉनिटरवर अजूनही काहीच बिघडलेले नव्हते. पहाटे चारला तो पुन्हा व्हेंटिलेटरवर होता, पण धावपळीत नव्हे, तयारीनिशी. या अवस्थेत ॲट्रोपिन वाढवून उपयोग होत नाही, श्वासाला आधारच द्यावा लागतो. म्हणून अशा प्रत्येक रुग्णाला दर दोन तासांनी उशीवरून डोके उचलायला लावावे आणि श्वासावर आकडे मोजून घ्यावेत, मग चार्टमध्ये तो रकाना असो वा नसो.

मण्यारीच्या दंशातही पापण्या जड होणे हे आधी दिसते. 'झोप येतेय' असे रुग्ण म्हणाला तर त्याला झोपू देण्यापूर्वी वर पाहायला सांगावे. डेंग्यूच्या बाबतीत नातेवाईक प्लेटलेटच्या आकड्याकडे डोळे लावून बसतात आणि ताप उतरला की पेढे वाटण्याच्या बेतात असतात. खरा धोका नेमका तेव्हाच सुरू होतो. ताप उतरल्यानंतरच्या एक-दोन दिवसांत पोट दुखणे, उलट्या, थंड पडलेली बोटे, वाढलेला हिमॅटोक्रिट (रक्त घट्ट झाल्याची खूण) आणि वरच्या-खालच्या रक्तदाबातील अंतर २० किंवा त्याहून कमी होणे, या खुणा पाहाव्यात. अँजिओप्लास्टीनंतरच्या जांघेच्या आणि मनगटाच्या तपासणीबद्दल येथे लिहीत नाही. ती सर्वांनाच पाठ असते.

विषबाधा आणि अपघात यांच्या फाइलवर एमएलसीचा (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांशी संबंधित प्रकरण) शिक्का असतो. अशा रुग्णांचे कपडे, नमुने आणि जबाबासाठी आलेले पोलीस यांच्याबाबत स्वतःच्या मनाने काही न करता आरएमओंना कळवावे आणि वेळेसह नोंद करावी.

माणसे आणि भाषा

युनिटमधील सर्वांत उपयोगी व्यक्ती म्हणजे मावशी आणि मामा. कोणता नातेवाईक रात्री गुपचूप चहा पाजतो, कोणता पंप अधूनमधून बंद पडतो, हे त्यांना ठाऊक असते. पहिल्या दिवशी त्यांचे नाव विचारावे आणि नावाने, 'मावशी' जोडून, हाक मारावी. कायम सिस्टरना तात्पुरतीबद्दल थोडी अढी असणे स्वाभाविक आहे, कारण कधी कधी तुमचे मानधन त्यांच्या पगारापेक्षा जास्त असते. त्या विषयावर बोलणे टाळावे, आणि 'आमच्याकडे असे करतात' हे वाक्य तर पहिला महिनाभर तोंडातून काढूच नये.

कळवण, सटाणा, मालेगावकडचे रुग्ण अहिराणी बोलतात. 'माले दम लागस' हे कुणालाही कळेल, पण वेगाने बोललेली वाक्ये कळत नसतील तर मान डोलावून पुढे जाऊ नये, सोबतच्या माणसाकडून समजून घ्यावे. सुरगाणा-पेठकडच्या आदिवासी रुग्णांना तर आपण विचारलेली प्रमाण मराठीही परकी वाटते, आणि ते दुखत असले तरी 'नाही' म्हणतात. वेदना विचारण्याऐवजी चेहरा पाहावा. 'जीव घाबरा होतोय' हे वाक्य मात्र कोणत्याही बोलीत आले तरी ईसीजी काढून मगच चिंता म्हणून बाजूला ठेवावे.

राहण्याबाबत दोनच शब्द. खोली रुग्णालयापासून चालण्याच्या अंतरावर घ्यावी, चारशे-पाचशे रुपये जास्त पडले तरी चालेल. द्वारका आणि मुंबई नाक्याची सकाळची कोंडी नाईटनंतर सोसत नाही, आणि नाशिकरोड स्थानक शहरापासून नऊ-दहा किलोमीटर दूर आहे. भाडेकरार नोंदणीकृतच करावा. डिसेंबर-जानेवारीत येणार असाल तर स्वेटर विसरू नये, येथील पारा दहाच्या खाली जातो आणि एचडीयूतील एसी कुणी बंद करत नाही.

शेवटचा आठवडा

करार संपण्याच्या आठ दिवस आधी अनुभव प्रमाणपत्राचा अर्ज मेट्रन कार्यालयात देऊन पोच घ्यावी. प्रमाणपत्रात नुसते 'स्टाफ नर्स' न लिहिता युनिटचे नाव, खाटांची संख्या आणि दोन्ही तारखा असाव्यात, कारण पुढची नेमणूक त्या एका ओळीवर ठरते. ओळखपत्र, लॉकरची चावी आणि गणवेश परत करून ना देय दाखला त्याच दिवशी घ्यावा. नंतर फोनवर कुणी दाद देत नाही. वहीतील रुग्णांची नावे असलेली पाने रोजच्या रोज फाडलेली नसतील तर आता फाडावीत. पहिले पान, ज्यावर चाव्या, क्रमांक आणि औषधांची तीव्रता लिहिलेली आहे, ते मी प्रत्येक वेळी इन्चार्ज सिस्टरकडे देऊन येते. तुमच्या खाटांवर पुढच्या सोमवारी कुणी तरी दुसरी येणार असते, आणि तिनेही आदला दिवस पाहिलेला नसतो.